पोळा झाला की लॉन पेरा

नागपुरात बियाण्यापासून लॉन करायचं असेल तर जूनमधे नाही, पोळा झाल्यावर पेरा, हे मी आता भेटेल त्याला सांगते. पहिला पाऊस पडला की लोक बियाण्याचं पाकीट घेऊन येतात, पण जुलैमधे आपल्याकडे एकेक सर अशी येते की अंगणाचं तळं होतं, हलकं बी वाहून कंपाउंडच्या कोपऱ्यात जमा होतं आणि मग गवत उगवतं ते फक्त तिथेच. पोळ्यानंतर पावसाचा जोर ओसरलेला असतो, माती गरम असते, ऑक्टोबरचं ऊन तर या गवताला मानवतंच, आणि थंडीत त्याची वाढ थांबायच्या आत मुळं धरायला वेळ मिळतो.

गवत कोणतं तर बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच, गणपतीला दूर्वा वाहतो ती. ऑनलाइन फोटोत जे मऊ गडद हिरवं दिसतं ना, केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू वगैरे, ते थंड देशांचं गवत आहे, आपल्या मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत ते टिकत नाही, कितीही पाणी घाला. हरळीला मात्र दिवसाला सहा-आठ तास ऊन हवं, आंब्याखाली किंवा कडुलिंबाखाली ती विरळच राहते, तिथे सरळ फरशी टाका.

खरी मेहनत मातीची आहे. आमच्या नागपुरातल्या बेसा भागातल्या नवीन घराच्या अंगणात वर विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि खाली काळी माती. ही माती पाण्याने फुगते, चिकट होते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यात बी नुसतं टाकून उगवत नाही. मलबा वेचून काढायचा, वीतभर खोदायचं, त्यात भरपूर शेणखत आणि जाड रेती मिसळायची, मग लेव्हल करून पाणी सोडायचं आणि कुठे साचतं ते बघून पुन्हा लेव्हल. उतार घरापासून बाहेर हवा. यात घाई करू नका, कारण गवत आल्यावर खड्डा बुजवणं फार किचकट जातं. आमचे शेजारचे काका रोज गेटवरून म्हणायचे, "काहून एवढा त्रास घेऊन राहिली बेटा, रेडीमेड चादर आणून टाक ना!" ही चादर, म्हणजे तयार गवताची गुंडाळी, वाईट नाही, पण ती दुसऱ्याच मातीत वाढून येते, खालची काळी माती वेगळी पडली की मुळं वरच्या थरातच घुटमळतात. बियाण्याचं गवत पहिल्या दिवसापासून तुमच्याच मातीत मुळं सोडतं, शिवाय खर्च खूप कमी.

बी इतकं बारीक असतं की एका किलोत लाखो दाणे भरतात. हजार स्क्वेअर फुटाला अर्धा ते एक किलो पुरतं. कोरड्या रेतीत मिसळा, अर्धं उभं फेका, अर्धं आडवं, वरून चाळलेल्या खताचा अगदी पातळ थर आणि फळीने दाबून घ्या. खोल गेलं तर येत नाही, आणि उघडं राहिलं तर मुंग्या ओढून नेतात.

मग पाणी, पाइपची धार नाही, बारीक फवारा, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं, वरचा थर सुकू द्यायचाच नाही. सात ते चौदा दिवसांत कोंब येतात पण उभं राहून दिसत नाहीत, सकाळच्या तिरप्या उन्हात उकिडवं बसून बघा, केसाएवढ्या हिरव्या रेषा असतात, प्रत्येकीच्या टोकावर दवाचा थेंब, मी तर घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवलं होतं! तीन आठवडे त्यावर कोणालाही चालू देऊ नका. उगवण झाली की पाणी हळूहळू कमी वेळा पण खोलवर द्यायचं, म्हणजे मुळं खाली जातात आणि उन्हाळ्यात तीच कामाला येतात.

मधेच लव्हाळा डोकं काढणारच, तो नुसता ओढला की खालची गाठ राहते आणि पुन्हा फुटतो, म्हणून ओल्या मातीत खुरपीने गाठीसकट काढा, तणनाशक इतक्या कोवळ्या गवतावर नको. गवत दोन-अडीच इंच झालं की पहिली कटिंग, एक तृतीयांशपेक्षा जास्त नाही, जमीन कोरडी असताना आणि मशीनच्या पात्याला धार लावून, बोथट पात्याने कोवळी रोपं कापली न जाता मुळासकट उपटून येतात.