उमा या नावाला साजेसे दुसरे नाव शोधताना

मुलीचे पहिले नाव ठरवायला आम्हाला एक संध्याकाळ पुरली. ‘उमा’ हे नाव मी उच्चारले, नवऱ्याने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिले आणि त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही नावाचा विषय निघाला नाही. दुसरे नाव ठरवायला मात्र सात आठवडे लागले. दुसरे नाव म्हणजे येथे वडिलांचे किंवा आईचे नाव नव्हे. पहिल्या नावानंतर येणारे, तिचे स्वतःचेच आणखी एक नाव मला अभिप्रेत आहे. अशा नावाची गरज काय, असे मला अनेकांनी विचारले. हे सात आठवडे आमच्या घरात नेमका कोणता विचार चालला होता, ते लिहून ठेवावेसे वाटले.

उमा हे नाव फार जुने आहे. केनोपनिषदात अग्नी आणि वायू यांना समोरचे यक्ष म्हणजे नेमके काय आहे ते कळत नाही, इंद्र पुढे जातो तेव्हा ते अदृश्य होते, आणि त्याच आकाशात त्याला एक अतिशय शोभिवंत स्त्री दिसते. ते ब्रह्म होते, हे इंद्राला तीच सांगते. तिचे नाव उमा हैमवती. देवांच्या राजाला ज्ञान देणारी स्त्री, ही या नावामागची माझी सर्वांत आवडती प्रतिमा आहे. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त या नावाची वेगळी व्युत्पत्ती दिली आहे: मुलगी तपाला निघाली तेव्हा आईने तिला ‘उ मा’, म्हणजे ‘अगं, नको’ असे म्हणून अडवले, आणि पुढे तेच तिचे नाव झाले. आईच्या काळजीतून जन्मलेले नाव मी माझ्या मुलीला देत होते, त्यामुळे त्याच्या शेजारी कोणतेही नाव सहज आणून बसवणे मला शक्य नव्हते.

पहिली अडचण ध्वनीची होती. उमा हे दोनच अक्षरांचे नाव आहे आणि त्याचा शेवट ‘आ’ने होतो. त्यापुढे स्वराने सुरू होणारे नाव आले की भरभर बोलताना दोन्ही नावे एकमेकांत विरघळतात. ‘उमा अनघा’ असे चार-पाच वेळा म्हटल्यावर ‘उमानघा’ ऐकू येऊ लागते. संस्कृतातला दीर्घसंधी जिभेलाही ठाऊक असतो. आकारान्त दुसरे नाव घेतले तर आणखी वेगळा त्रास होतो. ‘उमा सीमा’, ‘उमा प्रतिमा’ या जोड्या यमकासारख्या वाजतात, आणि यमक बडबडगीतात कितीही गोड वाटले तरी चाळीस वर्षांच्या स्त्रीच्या सहीत ते शोभत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून दुसरे नाव व्यंजनाने सुरू व्हावे, त्याचा शेवट ‘आ’खेरीज दुसऱ्या स्वराने व्हावा आणि ते पहिल्यापेक्षा थोडे लांब असावे, एवढे आम्ही पक्के केले. पहिले नाव मैत्रेयीसारखे मोठे आणि ईकारान्त असते, तर हाच नियम उलटा करून ‘मैत्रेयी उषा’ अशी लहान नावाची जोड मी पसंत केली असती.

लांबीच्या बाबतीत इंदिरा प्रियदर्शिनी हे नाव मला आदर्श वाटते. तीन अक्षरांचे स्वच्छ पहिले नाव आणि त्यामागे पाच अक्षरांचे, जोडाक्षरांनी भरलेले दुसरे. तरीही म्हणताना कुठे अडखळायला होत नाही, कारण ‘इंदिरा’ संपताच एक क्षणभर विसावा मिळतो आणि मग दुसरे नाव सुरू होते. नाव मोठ्याने म्हणून पाहण्याला पर्याय नाही. आम्ही प्रत्येक जोडी दारातून हाक मारल्यासारखी, झोपलेल्या बाळाजवळ कुजबुजल्यासारखी आणि सभेत ओळख करून दिल्यासारखी म्हणून पाहिली. कागदावर देखणी दिसलेली कितीतरी नावे या कसोटीत गळाली.

अर्थाची अडचण त्याहून नाजूक होती. उमा, गौरी, पार्वती ही एकाच देवीची नावे असल्यामुळे ‘उमा गौरी’ म्हणजे तीच गोष्ट दोनदा सांगणे. ‘अपर्णा’ हे नाव मला फार आवडते, पण गळून पडलेली पानेसुद्धा खायची नाहीत असे कठोर तप जिने केले, ती अपर्णा. आईने ‘नको’ म्हटलेले नाव आणि त्या नकारानंतरही केलेल्या तपाचे नाव शेजारी ठेवण्यात काव्य आहे, हे मला मान्य आहे. परंतु एवढा संघर्ष तान्ह्या मुलीच्या नावात भरावा असे वाटले नाही. ‘हैमवती’ तर उपनिषदातच उमेच्या शेजारी उभी आहे. ती जोडी मी दोन आठवडे मनात बाळगली आणि शेवटी सोडली, कारण मुलीला पुढे कधी केवळ दुसऱ्या नावाने ओळखले जावेसे वाटले, तर ‘हैमवती’ हे नाव एकट्याने वागवायला जड गेले असते.

ही शक्यता मला महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे पहिले नाव जोन होते. वर्गात जोन नावाच्या आणखी मुली असल्यामुळे आईने शिक्षिकेला त्यांना रूथ म्हणायला सुचवले, आणि पुढे तेच नाव कायम झाले. 1815 साली जन्मलेल्या गणितज्ञ ऑगस्टा एडा बायरन यांना जग एडा लव्हलेस म्हणून ओळखते. अभिजात नावे अनेकींची असतात. दुसरे नाव त्या मुलीसाठी राखून ठेवलेली जागा असते. म्हणून ते एकट्याने उभे राहू शकेल असेच असावे. केवळ नातेवाइकांचा मान राखण्यासाठी तिथे कोणतेही नाव टाकू नये.

मान राखायचाच नाही, असे मात्र नव्हे. 2015 साली जन्मलेल्या ब्रिटिश राजकन्येचे नाव शार्लट एलिझाबेथ डायना असे ठेवले गेले, त्यात पणजी आणि आजी दोघी आल्या. आमच्याकडेही दोन आज्या होत्या: माझ्या आईचे नाव कमल, सासूबाईंचे पद्मा. ‘उमा पद्मा’ यमकामुळे बाद, ‘उमा कमल’ कानाला अर्धवट वाटणारे, आणि एकीचे नाव घेतले तर दुसरीला काय वाटेल हा प्रश्न होताच. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या आईवडिलांनी दोन्ही आजोबांसाठी मधे ‘एस’ हे एकच अक्षर ठेवले होते. शिप आणि सॉलोमन, दोघांचाही मान त्यात राहिला. ते वाचल्यावर मला प्रथमच वाटले की आपल्यालाही कुणा एकीला निवडण्याची गरज नसेल.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात सांगते. पासपोर्टावर यंत्राने वाचण्याच्या ओळीत 44 चिन्हे मावतात आणि त्यांपैकी आडनावासह संपूर्ण नावाला 39 मिळतात, तेव्हा फार लांब नाव तिथे कापले जाते. रोमन लिपीतले स्पेलिंगही पहिल्याच दिवशी ठरवून सगळीकडे तेच लिहावे.

सातव्या आठवड्यात, शब्दकोशात दुसरेच काही पाहताना, मला ‘नलिनी’ दिसले. नलिनी म्हणजे कमळाची वेल, कमळांनी भरलेले तळे. कमल आणि पद्मा, दोन्ही शब्दांचा अर्थ कमळ, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही त्या दोघी एकाच तळ्यात आहेत हे तोवर सुचले नव्हते. उमा नलिनी: लघु-गुरु, मग लघु-लघु-गुरु, ‘मा’नंतर येणारा मऊ ‘न’, शेवटी ई. मी ते दारातून हाक मारल्यासारखे म्हणून पाहिले. सासूबाई आतून म्हणाल्या, “कोणाला गं हाक मारतेस?” मी अर्थ सांगितला. त्यांनी लगेच माझ्या आईला फोन लावला आणि मला एक शब्दही बोलू न देता स्वतःच सगळे समजावून सांगितले.