कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांसाठी अँटिबायोटिक थेंब: आधी तपासणी, मगच बाटली

कुत्र्याचा किंवा मांजरीचा डोळा लाल झाला आणि कोपऱ्यात पिवळसर चिपडं साचू लागली, की अनेक घरांत पहिला हात जातो तो औषधांच्या डब्यातल्या जुन्या बाटलीकडे. मला या सवयीची मनापासून धास्ती वाटते, कारण त्या बाटलीत अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉईडही असू शकते. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव असेल, तर पशुवैद्याने तपासल्याशिवाय ते औषध डोळ्यात घालू नये. डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, खरचटलेला असेल तर स्टेरॉईडमुळे ती जखम भरून येत नाही, उलट खोल जाऊ शकते आणि पडद्याला भोकही पडू शकते. लाली मात्र स्टेरॉईडमुळे लवकर उतरते, म्हणून बरे वाटते आहे असा समज होतो आणि आतले नुकसान वाढत राहते.

जखम आहे की नाही हे कळण्यासाठी पशुवैद्य डोळ्याला फ्लुरोसीन नावाचा नारिंगी रंग लावतात. कॉर्नियाचा वरचा थर जिथे निघालेला असतो तिथे हा रंग धरून राहतो आणि निळ्या प्रकाशात तो भाग हिरवा चमकतो. तपासणी काही मिनिटांची असते, आणि पुढचा सगळा उपचार तिच्यावर ठरतो.

कुत्र्यांमध्ये केवळ जिवाणूंमुळे डोळे येणे तसे कमीच आढळते. बहुधा मूळ कारण दुसरे असते आणि जिवाणू मागाहून शिरकाव करतात. पापणी आत वळलेली असते, एखादा केस डोळ्याला घासत असतो, गवताचे कुसळ तिसऱ्या पापणीमागे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या पातळ पडद्यामागे, अडकलेले असते किंवा अश्रूच पुरेसे तयार होत नसतात. अश्रू मोजण्यासाठी खालच्या पापणीत कागदाची अरुंद पट्टी एक मिनिट ठेवतात. निरोगी कुत्र्यात ती साधारण १५ मिलिमीटर किंवा अधिक भिजते. ती फारच कमी भिजली, तर नुसत्या अँटिबायोटिकने दुखणे पुन्हा पुन्हा उलटणार हे गृहीत धरावे. मांजरांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात हर्पीस विषाणू हे फार मोठे कारण असते आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. क्लॅमिडिया फेलिस या जिवाणूचा संसर्ग असेल, तर थेंबांपेक्षा पोटातून दिलेले डॉक्सिसायक्लिन अधिक उपयोगी पडते आणि ते साधारण चार आठवडे द्यावे लागते. गोळी कोरडी देऊ नये, मागोमाग थोडे पाणी किंवा अन्न पोटात जाऊ द्यावे, कारण अन्ननलिकेत अडकलेली गोळी तिथे जखम करते.

टोब्रामायसिन, ऑफ्लॉक्सासिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही थेंबांतली नेहमीची नावे. साध्या संसर्गात थेंब दिवसातून तीन-चार वेळा पुरतात, मात्र कॉर्नियाच्या जखमेत संसर्ग झाला असेल तर सुरुवातीला दर एक-दोन तासांनीही घालावे लागतात. पॉलिमिक्सिन असलेल्या औषधांनी काही मांजरांना तीव्र ॲलर्जी झाल्याची नोंद आहे. प्रमाण अत्यल्प असले तरी मी याविषयी पशुवैद्याला आवर्जून विचारते.

थेंब घालताना प्राण्याच्या समोरून बाटली आणू नये. त्याला पाठमोरे जवळ घ्यावे, एका हाताने हनुवटी किंचित वर उचलावी आणि बाटली धरलेल्या दुसऱ्या हाताची कड कपाळावर टेकवून त्याच हाताने वरची पापणी हलकेच मागे ओढावी. हात डोक्याबरोबरच हलत असल्याने धडपडीत बाटलीचे टोक डोळ्याला लागत नाही. त्याआधी चिपडं कोमट, ओल्या कापसाने पुसून घ्यावीत, कारण पुवाच्या थराखाली औषध नीट पोहोचत नाही. थेंब एकच पुरतो, जास्तीचा गालावरून ओघळून जातो. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत आणि मलम नेहमी शेवटी लावावे. पंजाने डोळा चोळण्याचा प्रयत्न होत असेल तर शंकूच्या आकाराची कॉलर घालावीच, कितीही केविलवाणे तोंड केले तरी.

डोळा घट्ट मिटून घेणे, कॉर्नियावर निळसर किंवा पांढुरकी झाक येणे, किंवा दोन दिवस औषध घालूनही जराही फरक न पडणे, यांपैकी काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डोळा पुन्हा दाखवावा.