हिरडस मावळातील 22 गुंठे

शेतकऱ्यांच्या घरी जाऊन पिकांच्या लागवडखर्चाच्या नोंदी घेणे हे माझे काम आहे. भोर तालुक्याच्या पश्चिमेला, हिरडस मावळात, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत 2025 च्या खरिपाचा हिशेब पुरा करायला मी झोडणी उरकल्यानंतर गेलो होतो. घरात साठीच्या काकू आणि त्यांचे दम्याने बेजार झालेले यजमान, एवढीच माणसे. दोन्ही मुलगे पुण्यात नोकरीला. उतारावर पायऱ्यांसारखी उतरत गेलेली 11 खाचरे, मिळून क्षेत्र 22 गुंठे, पीक इंद्रायणी आणि उत्पन्न साडेसहा क्विंटल भात.

त्या हंगामासाठी सरकारने साधारण भाताचा हमीभाव 2,369 रुपये क्विंटल ठरवला होता आणि तो ठरवताना देशभराचा सरासरी उत्पादनखर्च 1,579 रुपये धरला होता. रोखीने वा वस्तूंच्या रूपाने प्रत्यक्ष केलेल्या खर्चात घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी मिळवून हा आकडा निघतो. सपाटीवरच्या आणि डोंगरातल्या भाताचा खर्च एकाच सरासरीत बसवला की डोंगराचे काय होते, हे कागदावर पाहायचे असेल तर अशी वाडी गाठावी.

काकूंच्या घरचे श्रमाचे दिवस मोजायला बसलो, तेव्हा आवणी म्हणजे रोपांची लावणी आणि कापणी यांच्याइतकेच दिवस राबाला, म्हणजे रोपांची जागा भाजून तयार करण्याला, आणि बांधांना लागल्याचे दिसले. उन्हाळ्यात डोंगरातून कवळ, म्हणजे झाडांच्या पानांच्या डहाळ्या, तोडून आणायची, शेण आणि पालापाचोळा पसरून रोपाची जागा भाजायची, पावसाआधी फुटलेले बांध दगड रचून पुन्हा उभे करायचे, ही सारी कामे काकूंच्या लेखी ‘असंच, जाता-येता’ झालेली होती. सगळे मिळून 45 दिवस भरले. गावातल्या दराने त्यांची मजुरी 18 हजारांच्या घरात गेली; बी घरचेच असले तरी खत, नांगरटीचे बैल, लावलेले मजूर आणि झोडणी यांचे रोख 7 हजार वेगळे. हमीभावाने भाताची किंमत होते साधारण 15,400 रुपये आणि पेंढ्याचे दोनेक हजार धरले तरी तोटा साडेसात हजारांवर जातो.

काकूंनी हा आकडा ऐकला आणि विचारले, “साहेब, ती 18 हजारांची मजुरी कुणी कुणाला दिली?” त्यांचा हिशेब सरळ होता. साडेसहा क्विंटल भात गिरणीवर भरडून चार क्विंटल तांदूळ मिळतो, शिवाय कणी आणि कोंडा आहेच. हाच तांदूळ भोरच्या बाजारात 60 रुपयांच्या खाली कुणी देत नाही. म्हणजे 7 हजार घालून घरात 24 हजारांचे धान्य आले. मुलांना पोती पाठवायची, उरलेले वर्षभर खायचे. हमीभावाच्या केंद्रावर त्या कधी गेलेल्याच नाहीत, कारण एवढ्याशा भातासाठी गाडीभाडे परवडत नाही. रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळते, तेव्हा पोट भरण्यासाठी भात पिकवलाच पाहिजे असे राहिलेले नाही, हे मी सुचवून पाहिले. त्यावर त्या फक्त हसल्या.

मला मात्र 18 हजारांपेक्षा त्या 7 हजारांतल्या एका नोंदीने थांबवले. आवणीला चार बायका रोजाने लावल्या होत्या आणि त्यांना आणायला जीप ठरवली होती. पूर्वी हे काम सावडीने होई: आज सगळ्यांनी मिळून एकाचे खाचर लावायचे, उद्या दुसऱ्याचे. पण सावड ही फेडावी लागते आणि ज्या घरातून फेडायला माणूसच येत नाही त्या घराला ती मागताही येत नाही. एकेक घर असे गळत गेले की उरलेल्यांची सावडही मोडते आणि आजवर केवळ कागदावर असलेली मजुरी खिशातून द्यावी लागते. काकूंच्या हिशेबाला खरा धोका आहे तो इथे.

म्हणूनच पुढच्या वर्षी वरची चार खाचरे पड टाकायची, असे त्यांनी ठरवले होते. ही बातमी कळल्यामुळे खालच्या खाचरांचा मालक, त्यांच्याच भावकीतला पुतण्या, आमचे बोलणे चालू असतानाच आला. वरच्या पड खाचराचा बांध फुटला की पाण्याचा लोंढा माती घेऊन खालच्या पिकात येतो, तेव्हा वरचे राखले नाही तर त्याचेही बुडणार होते. “काकू, चारी खाचरं मी करतो,” तो म्हणाला, “पण खंड द्यायला जमायचं नाही.” खंड म्हणजे जमीन कसायला घेतल्याचे भाडे.

“खंड कोण मागतंय तुला? बांध तेवढे धर, आणि दोन पायली तांदूळ दे, देवाच्या नैवेद्याला.”

माझ्या तक्त्यात स्वतःच्या जमिनीचाही खंड, गावात चालू असलेल्या दराने, खर्च म्हणून धरावा लागतो. तो मिळवल्यावरच ‘सी-2’ नावाचा, सगळे खर्च मिळून होणारा मोठा आकडा पुरा होतो. मी पुतण्याला गावातला दर विचारला. दोन-चार जणांची नावे मनात आठवून तो म्हणाला की गेल्या दोन-तीन वर्षांत खंडाने जमीन घेणारा वाडीत कुणीच नाही. घ्या म्हणून मागे लागणारेच आहेत.