फॉर्म ६ की ८?

आज दुपारी मामलेदार कचेरीतली मतदार नोंदणीची ओळ बघून डोकं उठलं. कित्येकांच्या हातात चुकीचा फॉर्म! पत्ता बदलला, स्पेलिंग चुकलं किंवा कार्ड हरवलं, तर फॉर्म ८. फॉर्म ६ फक्त नव्या मतदारासाठी. जुनं नाव असताना पुन्हा ६ भरलात तर नाव दोनदा चढायची भीती, आणि ते कायद्याला चालत नाही.

गोव्यात खरी गोची पत्त्याची. वडिलोपार्जित घर, पंचायतीचा घर नंबर सगळ्या भावांना मिळून एक, आणि विजेचं बिल अजून आजोबांच्या नावावर. बिल स्वतःच्या, आईवडिलांच्या, नवरा-बायकोच्या किंवा सज्ञान मुलाच्या नावावर हवं. आजोबांचं लावलं की अर्ज अडकतो. त्यात जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं आणि आधारवर वेगळंच!

पत्त्याचा कागदच नसेल तर बीएलओने (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने) घरी येऊन पडताळणी करायची असते. हे खिडकीवर आपणहून कोण सांगणार?

आणि कार्ड खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. यादीत नाव नसेल तर ते कार्ड शोभेचं. नाव असेल तर आधार किंवा पासपोर्ट दाखवूनही मत देता येतं. अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करा. लेखी कारण मात्र आधी मागून घ्या.