बारा एपिसोड आणि एक तोतया राजकन्या

रविवार, खरं तर सोमवार लागलाय, पावणेदोन वाजले

उद्या ऑफिस आहे आणि मी टक्क जागी. प्रिन्सेस प्रिन्सिपल संपवली एकदाची. शुक्रवारी रात्री जेवताना काहीतरी बघायला हवं म्हणून लावली होती, एकच बघू म्हटलं, आणि मग शनिवारचे कपडे अजून मशीनमध्येच पडलेत. 2017 ची जपानी ॲनिमेशन सिरीज आहे, बाराच एपिसोड, पण मी इतकी वर्षं पोस्टर बघून पुढे जायचे कारण पाच गोड मुली आणि फ्रिलवाले कपडे, म्हटलं हे आपल्यासाठी नाही. चूक झाली.

गोष्ट लंडनची पण आपल्या माहितीतलं लंडन नव्हे. अल्बियन नावाच्या राज्याला कॅव्होराइट नावाचा पदार्थ सापडलाय, तो गुरुत्वाकर्षणालाच चकवतो (हे नाव एच. जी. वेल्सच्या 1901 च्या चंद्रावर जायच्या कादंबरीतून उचललंय, ते कळल्यावर उगाच शहाणं झाल्यासारखं वाटलं), त्याच्या जोरावर उडत्या युद्धनौका बांधून त्यांनी जग दाबून ठेवलंय. मग क्रांती झाली, देशाचे दोन तुकडे, आणि लंडनच्या मधोमध भिंत. म्हणजे बर्लिनच, फक्त धुकं, गॅसचे दिवे आणि वाफेवरची यंत्रं जास्त. एकीकडे राजेशाही, दुसरीकडे कॉमनवेल्थ, आणि राजेशाहीतल्या एका उच्चभ्रू शाळेत शिकणाऱ्या या पाच जणी कॉमनवेल्थसाठी हेरगिरी करतात. त्यातली एक चक्क त्या राज्याची राजकन्या! तिला राणी व्हायचंय म्हणून ती शत्रूच्याच हेरखात्याशी सौदा करते, मला मदत करा, मी तुमच्या कामाला येईन. दुसऱ्याच एपिसोडमध्ये हे होतं आणि मी सरळ उठून बसले.

आणि हो, एपिसोड क्रमाने नाहीयेत. प्रत्येक एपिसोडच्या नावात केसचा नंबर असतो, तर पहिलाच एपिसोड केस 13, मग केस 1. आधी मला वाटलं माझ्याकडेच काहीतरी गडबड झालीय, मागे जाऊन चेक केलं. नंतर त्याची मजा यायला लागली, कारण आधी यांची घट्ट मैत्री बघितलेली असते आणि मग त्या पहिल्यांदा भेटतात तेव्हा एकमेकींवर काडीचा विश्वास नाही, ते बघून हसू येतं.

आता जे लिहितेय त्यात स्पॉयलर आहे, पण माझीच रोजनिशी आहे.

राजकन्या खरी राजकन्या नाहीच. खरी म्हणजे अँज, ती थंड चेहऱ्याची हेर, जी कुणी कुठली म्हणून विचारलं की काळ्या सरड्यांच्या ग्रहावरून आलेय असं सांगते. लहानपणी या दोघी, एक राजवाड्यातली आणि एक पाकीटमार, दिसायला सेम टू सेम, गंमत म्हणून कपडे बदलतात आणि नेमकी त्याच दिवशी क्रांती होते. जी बाहेर ती बाहेर राहिली, जी आत ती आत. पाकीटमार पोरीला राजवाड्यातलं सगळं वागणं-बोलणं शून्यापासून शिकावं लागलं, कारण पकडली गेली तर जीव जाणार. आपल्याकडे याला मस्त शब्द आहे, तोतया. शाळेत पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला ते वाचलं होतं, तेव्हा तोतया म्हणजे बदमाश एवढंच डोक्यात बसलेलं. पण ही तोतया असूनही, किंवा तोतया असल्यामुळेच असेल, राणी होऊन ती भिंत पाडायची म्हणते. अँज तिला म्हणते चल पळून जाऊ आपण, तर ही नाही म्हणते! खऱ्या राजकन्येला राज्य नकोय आणि खोटीला ते सुधारायचंय. मला तर ही खोटीच जास्त खरी वाटली.

नाहीतर मधले काही एपिसोड साधेच आहेत. लाँड्रीवाला आवडला, विषारी वायूवाला माणूस शोधायला पाचही जणी कपडे धुवायच्या कामाला लागतात आणि शेवटी त्या लाँड्रीचंच नशीब उघडतं. चिसे, म्हणजे जपानहून आलेली तलवारवाली, तिच्या मारामाऱ्या भारी. यूकी काजिउराचं म्युझिक तर काय बोलायचं. आणि टायटल साँगही एकदाही स्किप केलं नाही.

पण डोरथीचा एपिसोड. ती पाचातलीच एक. सहावा. तिचा दारुडा बाप शवागारात कामाला असतो आणि मिशनमुळे तिला त्याच्याशी गोड बोलावं लागतं, आधी नाटक म्हणून, मग हळूहळू नाटक कुठं संपलं ते तिलाही कळत नाही बहुतेक. शेवटी ती पबमध्ये त्याची वाट बघत बसते, पाचातल्याच बिआट्रिसबरोबर गाणं म्हणते, आख्खा पब गायला लागतो, आणि तो येणार नाहीये हे फक्त आपल्याला माहीत असतं. मी पॉज करून पाणी प्यायला गेले आणि किचनमध्ये लाइट न लावता उभी राहिले थोडा वेळ.

नेमका तेव्हाच आईचा फोन. जेवलीस का. हो, वरणभात केला. ओट्यावर मॅगीचं पातेलं, मी त्याच्याकडे बघतच बोलतेय. आवाज असा का येतोय म्हणाली, सर्दी झालीय म्हटलं. तिने बाबांना फोन दिला, बाबा नेहमीसारखे पाऊस आहे का तिकडे विचारून गप्प झाले, आणि मी पहिल्यांदाच त्यांना फोन ठेवू दिला नाही, उगाच गाडीचं सर्व्हिसिंग, टायर, काहीही विचारत बसले. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

पुढचे भाग सिनेमे म्हणून येतायत, पहिला 2021 ला आला. पण त्यात अँजचा आवाज बदललाय आणि सध्या माझ्या डोक्यात जुनाच आवाज आहे, सरड्यांच्या ग्रहावाला. आठवडाभर तरी थांबते. मशीनमधले कपडे आता परत धुवावे लागणार, वास मारत असतील.