दहाचा पाना

शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन गॅरेजात गेलो तो एक खडखड शोधायला. गाडी ताशी चाळीस मैलांच्या पुढे गेली की पुढच्या डाव्या चाकाजवळून आवाज यायचा, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चार चिंचोके टाकून कुणी हलवावा तसा. बायकोला म्हटलं, अर्ध्या तासात येतो. त्या अर्ध्या तासाचे पाच शनिवार झाले.

गाडी म्हणजे १९९४ सालची माझदा मियाटा. लाल, दोन सीटांची, कापडी टपाची, दिवे लावले की बॉनेटमधून डोळे वर काढून बघणारी. हिरोशिमात बनलेली. १९८९ साली ही गाडी बाजारात आली आणि २०१६ पर्यंत तिची सगळी भावंडं धरून दहा लाखांचा आकडा पुरा झाला. मी राहतो डेट्रॉइटच्या उपनगरात. जिथं शेजारीपाजारी निम्मे लोक अमेरिकन मोटारींवर पोट भरतात, तिथं जपानी गाडी कुरवाळत बसतो म्हणून बोलणी खातो, ती वेगळीच.

चाक काढलं, आत टॉर्च मारला. मडगार्डाच्या आतल्या बाजूला चिखलपाणी अडवायला काळ्या प्लॅस्टिकचं अस्तर असतं. ते पाच ठिकाणी मोकळं लोंबत होतं. बाकीच्या ठिकाणी जे काही होतं त्यातून गाडीच्या आधीच्या मालकांची ओळख पटत गेली. एक मालक घाईतला असावा, त्यानं चक्क भिंतीला प्लास्टरचे बोर्ड ठोकायचा स्क्रू पिळून बसवला होता. दुसरा काटकसरी, त्याची भिस्त केबल बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर. तिसऱ्याला मात्र मी अजून माफ केलेलं नाही. गाडीचे बोल्ट सहा मिलिमीटरचे, म्हणजे एम-६, दोन आट्यांमधलं अंतर बरोबर एक मिलिमीटर. या गृहस्थानं तिथं पाव इंची बोल्ट घातला होता. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि इंचाला वीस आटे. असा बोल्ट एम-६ च्या नटात सरळ जातच नाही, तोंडाशीच अडतो. अडला की शहाणा माणूस थांबतो. यानं लांब दांड्याचा पाना लावला असणार. बोल्ट आत गेला आणि नटाचे आटे घेऊन गेला.

खडखडीचं कारण पंधरा मिनिटांत सापडलं. मी तेवढं बसवून हात धुतले असते तर हा लेख झाला नसता. पण मनात आलं, उघडलंच आहे तर सगळेच बोल्ट बदलून टाकू. नुसते बदलायचे नाहीत, मूळचे होते त्याहून चांगले घालायचे. स्टेनलेसचे! रात्री अंथरुणात फोनवर बोल्ट बघत बसलो. या दुनियेत शिरलं की लोक काय काय विकतात बघून थक्क व्हायला होतं. टायटॅनियमचे बोल्ट. निळे, सोनेरी, मोरपिशी रंग चढवलेले. मी जांभळ्या रंगाचे चार वायसर मागवले. ॲल्युमिनियमचे, कपबशीतल्या बशीसारखे खोलगट. कुठं लावणार हे ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी जुने बोल्ट काढायला घेतले आणि स्क्रूंनीच आधी अक्कल शिकवली. फुलीचा खाचा असलेला स्क्रू, आपल्याकडे ज्याला ‘स्टार’ म्हणतात, तो सगळीकडे एकच असतो असा माझा पन्नाशीपर्यंतचा समज. अमेरिकन स्टार म्हणजे फिलिप्स. हेन्री फिलिप्स नावाच्या माणसानं तो खपवला आणि १९३६ साली इथंच, कॅडिलॅकच्या गाड्यांवर त्याचा जम बसला. जपानी स्टार दिसायला तसाच, पण खाचेचा घाट जरासा निराळा. त्यात फिलिप्सचा ड्रायव्हर घालून जोर लावला की ड्रायव्हर खाचेतून वर सरकतो आणि खाचेचे कोपरे झिजून तिची वाटी होते. तीन वाट्या केल्यावर मला स्क्रूच्या डोक्यावरचा बारीक ठिपका दिसला. टाचणीच्या टोकाएवढा. ती जपानी मापाची खूण. जपानी ड्रायव्हर आणला, तर उरलेले स्क्रू निमूटपणे निघाले.

काढलेले बोल्ट ठेवायला माळ्यावरचा जुना इडलीपात्राचा स्टँड घेतला. वरची ताटली डावीकडची, तिच्याखालची उजवीकडची, प्रत्येक खळग्यात एकेका जागेचे बोल्ट. छोटे स्क्रू खळग्याच्या भोकांत डोक्यावर अडकून खाली पाय सोडून बसले. बायकोनं दारातून बघितलं आणि नवीन स्टँडची ऑर्डर देऊन टाकली.

मडगार्डाचे वरचे बोल्ट सोपे. बॉनेट उघडलं की समोर रांगेत दिसतात, दहाचा, म्हणजे दहा मिलिमीटरच्या डोक्याला बसणारा पाना लावला की चुटकीसरशी निघतात. (गॅरेजात दहाचा पाना जागेवर सापडणं हे मात्र चुटकीसरशी होत नाही. माझ्याकडे दहाचे चार आहेत. एका वेळी फार तर एक दिसतो.) खरी परीक्षा चाकामागच्या खालच्या कोपऱ्यातल्या बोल्टाची. तिथं पाणी, पाला आणि मीठ साचतं. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. हिवाळ्यात तेच मीठ रस्त्यांवर पसरतात. ज्या गावानं जगाला मोटारी दिल्या त्याच गावाच्या खालून मोटारी खाणारं मीठ निघावं, याला काय म्हणावं!

त्या बोल्टाचं डोकं षट्कोनी राहिलंच नव्हतं, गुळाच्या खड्यासारखं झालं होतं. तीन संध्याकाळ त्यावर तेल सोडलं. चौथ्या दिवशी हातोडीनं हलके ठोके दिले, पाना बसवला, आधी किंचित घट्ट फिरवला, मग उलटा. ‘चुर्र’ असा आवाज झाला. चुर्र ही चांगली खूण, गंज सुटतोय. पाव फेरा पुढे, थोडा मागे, परत तेल. पाना एकदम हलका झाला. मला वाटलं, आला. आला होता, पण नुसतं डोकं. धड आतच.

रात्री कोल्हापूरला आबांना फोन लावला. त्यांची हयात उद्यमनगरात लेथवर गेली. तिथं नटबोल्ट वजनावर विकत घेतात. इथं दोन बोल्ट प्लॅस्टिकच्या पुडीत घालून दागिन्यासारखे टांगून ठेवतात, हे ऐकून ते दर वेळी नव्यानं हसतात.

“किती एमएमचं भोक मारणार?” त्यांनी विचारलं.

“पाचचं. मग सहाच्या टॅपनं आत नवे आटे पाडणार.”

“बरोबर. मधोमध पंच मार, न्हाईतर ड्रिल घसरंल. आणि नवा बोल्ट कुठला घालतोयस?”

मी मोठ्या झोकात स्टेनलेस म्हणालो.

“कशाला रं? बोल्ट मऊ असला तर बोल्ट जातोय. बोल्ट कडक असला तर भोक जातंय. तुला ह्यातलं काय बदलायला सोपं?”

आबांनी सांगितलं ते नंतर पुस्तकी भाषेतही वाचलं. स्टेनलेस स्वतः गंजत नाही, पण ओल्या मिठात साध्या पोलादाला किंवा ॲल्युमिनियमला चिकटून बसला की दोघांची मिळून बॅटरी होते आणि झिजतो तो शेजारी. माझ्या गाडीचं मडगार्ड पोलादाचं, बॉनेट ॲल्युमिनियमचं. म्हणजे बोल्ट वर्षानुवर्षं नवाकोरा राहणार आणि त्याच्याभोवतीचा पत्रा खाल्ला जाणार. बरं, ताकदीचं म्हणावं तर डोक्यावर ८.८ असा ताकदीचा आकडा लिहिलेला साधा पोलादी बोल्ट नेहमीच्या स्टेनलेसपेक्षा थोडा सरसच असतो. अस्तर मुळात प्लॅस्टिकच्या ज्या क्लिपांनी अडकवलेलं असतं आणि ज्यांना मी नावं ठेवत होतो, त्यांचंही तेच. अस्तर रस्त्यावरच्या दगडाला अडकलं तर ती टिचभर क्लिप तुटते आणि अस्तर वाचतं. तिथं बोल्ट पिळला तर अस्तर फाटतं.

मग पाव फेऱ्यात उघडणारे फासे तरी बसवू, असंही एकदा डोक्यात आलं. रेसच्या गाड्यांना आणि विमानाच्या इंजिनावरच्या झाकणांना असतात ते. विल्यम डझस या युक्रेनमधून आलेल्या माणसानं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९३० च्या दशकात त्यांचा कारखाना काढला, आणि पुढे १९४८ मध्ये त्या कमाईतून आपल्या लोकांसाठी युक्रेनियन संस्थाही उभी केली. फासा देखणा, खटकाही खणखणीत. पण माझं मडगार्ड मी दर रविवारी उघडणार आहे का? नाही.

शेवटी माझदाच्या सुट्या भागांच्या चित्रमालिकेत एकेका बोल्टाचा नंबर शोधला. त्या चित्रांत गाडी हवेत उधळल्यासारखी दिसते, प्रत्येक तुकडा आपल्या भोकासमोर तरंगत. मूळचेच बोल्ट मागवले, आटे वायर ब्रशनं साफ केले, थोडं मेण लावून हाताच्या बोटांनी फिरवून बघितले आणि मगच पाना लावला. सुधारणा म्हणायची तर एकच. जिथं अस्तराची भोकं रुंदावली होती तिथं मोठे वायसर घातले. पाचव्या शनिवारी मुलीला शेजारी बसवून पन्नास मैलांच्या वेगानं गाडी काढली. खडखड बंद. आता ती बंद झाल्यामुळे मागून एक बारीक टिकटिक ऐकू येते.

परतल्यावर मुलगी नंबरप्लेटपाशी थबकली.

“बाबा, हे काय लावलंय?”

“वायसर.”

“जांभळे?”

मिशिगनमध्ये नंबरप्लेट फक्त मागेच लागते. चार भोकं, चार वायसर. मोजून मागवल्यासारखे.