नागपूरहून वानखेडेला: रणजी अंतिम सामन्याचे दोन दिवस

मार्च २०२४ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईसमोर विदर्भ उभा राहिला, तेव्हा शेवटचे दोन दिवस मुंबईच्या वानखेडे मैदानावर जायचेच असे मी ठरवले आणि १२ तारखेच्या संध्याकाळी नागपूरहून विदर्भ एक्सप्रेस पकडली. ही गाडी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तिथून चर्चगेटपर्यंत चालत साधारण वीस मिनिटे आणि पुढे मैदानापर्यंत आणखी दहा मिनिटे लागतात, त्यामुळे हातात जड सामान नसेल तर टॅक्सी करण्याची गरज नाही. सामान असेल तर ते आधी मुक्कामी ठेवूनच निघावे, कारण मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. माझी पाण्याची बाटली दारातच काढून घेतली गेली आणि आत पाणी विकत घ्यावे लागले. सुटी नाणी, पॉवर बँक, काडेपेटी यांचेही तेच होते. सामन्याला प्रवेश विनामूल्य होता, मात्र अशा वेळी मोजकीच प्रवेशद्वारे उघडी ठेवतात. म्हणून मैदानाला उगाच प्रदक्षिणा घालण्यापेक्षा बंदोबस्तावरच्या पोलिसांना आधी विचारावे.

चर्चगेटजवळच ब्रेबॉर्न स्टेडियम आहे. वानखेडे मैदानाचा जन्म समजून घ्यायचा तर इथे क्षणभर थांबायला हवे. समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने हे मैदान १९३७ मध्ये उभे केले आणि पुढे मुंबईचे कसोटी सामने इथेच होत राहिले. मैदान क्लबचे आणि सामने भरवणारी संघटना वेगळी, त्यामुळे तिकिटांच्या वाटपावरून दोघांत वर्षानुवर्षे वाद होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विधानसभेचे अध्यक्ष आणि मुंबई क्रिकेट संघटनेचे प्रमुख असलेले शेषराव वानखेडे आमदारांच्या एका सामन्यासाठी मैदान मागायला गेले, क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी नकार दिला आणि तिथेच स्वतःचे मैदान बांधण्याचा निश्चय झाला, असे सांगतात. वास्तुविशारद शशी प्रभू यांनी सुमारे १३ महिन्यांत ते उभे केले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. त्या कसोटीत क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या.

शेषराव वानखेडे आमच्या नागपूरचे. कळमेश्वरातून निवडून जाणाऱ्या या माणसाचे नाव मुंबईच्या मैदानाला आहे आणि त्याच मैदानावर विदर्भाचा संघ मुंबईशी झुंजतो आहे, याचा अभिमान मला दोन्ही दिवस जाणवत होता. आजूबाजूच्या मुंबईकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक होते, म्हणून विचारेल त्याला मी ते आवर्जून सांगितले.

बसायची जागा विचारपूर्वक निवडावी. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला लोहमार्ग आहे, त्यामुळे रेल्वेच्या बाजूला बसणाऱ्यांच्या थेट डोळ्यांवर दुपारनंतरचे ऊन येते. २०११ च्या विश्वचषकाआधी मैदानाची पुनर्बांधणी झाली, तेव्हा वर कापडी छत आले आणि आसने कमी होऊन सुमारे ३३ हजारांवर आली. छताची सावली वरच्या रांगांना चांगली मिळते, पण गोलंदाजाची मनगटे पाहायची असतील तर टोपी घालून खालीच बसावे. प्रेक्षक कमी असले की बॅटचा आवाज आणि मागून धडधडत जाणारी लोकल, दोन्ही एकदमच ऐकू येतात. सचिन तेंडुलकरचा पुतळाही चुकवू नये. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी घडवलेला हा पुतळा नोव्हेंबर २०२३ मध्ये बसवण्यात आला.

विदर्भासमोर ५३८ धावांचे लक्ष्य होते. चौथ्या दिवशी करुण नायरने ७४ धावा केल्या आणि पाचव्या दिवशी सकाळच्या सत्रात अक्षय वाडकर व हर्ष दुबे यांनी एकही बळी जाऊ दिला नाही. त्या दोन तासांत आमच्या रांगेतले कोणी चहालाही उठले नाही. वाडकर १०२ धावांवर पायचीत झाला आणि पुढचे गडी भराभर बाद होत डाव ३६८ वर संपला. शेवटचा बळी मुंबईच्या धवल कुलकर्णीने घेतला. तो त्याचा अखेरचा सामना होता, म्हणून टाळ्या आम्हीही वाजवल्या. मुंबईने ४२ व्यांदा करंडक जिंकला.

याच मैदानावर ऑक्टोबर २०१४ मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला आणि जुलै २०२४ मध्ये विश्वविजेत्या संघाचा सत्कार झाला. असा समारंभ किंवा आंतरराष्ट्रीय सामना असेल तेव्हा सुटताना चर्चगेटला लोंढा उसळतो. अशा वेळी मरीन लाइन्स स्थानक गाठावे किंवा मरीन ड्राइव्हवर अर्धा तास बसून मगच निघावे. रणजीच्या दिवशी हा त्रास नसतो. आम्ही ब्रेबॉर्नच्या इमारतीतल्या रुस्तमकडे बिस्किटांमधले आइस्क्रीम खाल्ले आणि निवांत चालत परतीच्या गाडीला गेलो.